धुराड्याकडून समाक्ष नळीकडे : गृहनूतनीकरणात बदलल्या जाणाऱ्या गॅस फायरप्लेसच्या धूरमार्गाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

थंड हवामानाच्या देशांत घर बांधणे म्हणजे एका अर्थी अग्नीला घरात जागा देणे होय. मात्र अग्नीला जागा देताच त्याच्या धुराला वाट देणे क्रमप्राप्त ठरते. युरोप व उत्तर अमेरिकेतील गृहस्थापत्याच्या इतिहासात फायरप्लेसचे दर्शनी रूप, तिच्यावरील कोरीव काम, तिच्याभोवती जमणारे कुटुंब यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने तिच्या मागे, भिंतीच्या आत दडलेल्या धूरमार्गाकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले. घराच्या नूतनीकरणात मात्र हा दुर्लक्षित भागच निर्णायक ठरतो. जुनी गॅस फायरप्लेस काढून तिच्या जागी नवी 'डायरेक्ट व्हेंट' पद्धतीची फायरप्लेस बसवताना घरमालकासमोर एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहतो : भिंतीतील जुनी नळी नव्या उपकरणाला चालेल काय? या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी असते. ते तसे का असते हे समजून घेण्यासाठी तांत्रिक माहितीपुस्तिका पुरेशी नाही. त्यासाठी सुमारे चारशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, या कालखंडात धूरमार्ग हा 'इमारतीचा अवयव' न राहता 'यंत्राचा अवयव' झाला. गवंड्याच्या अधिकारातील ही वस्तू कारखानदाराच्या अधिकारात गेली. नूतनीकरणाच्या प्रसंगी या दोन व्यवस्था एकाच भिंतीत समोरासमोर येतात आणि त्यांच्यातील विसंगतीची किंमत कधीकधी मानवी जीविताने मोजावी लागते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) घरगुती धूरमार्गाच्या स्वरूपात झालेल्या बदलांचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) बंदिस्त ज्वलनाच्या पद्धतीमागील कारणांचा शोध घेणे.
३) नूतनीकरणात फायरप्लेस बदलताना निर्माण होणाऱ्या प्रश्नांचे ऐतिहासिक मूळ स्पष्ट करणे.
४) या अनुभवाचा महाराष्ट्रातील गॅसवापराशी असलेला संबंध तपासणे.

व्याप्ती व पद्धती

अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः इंग्लंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांपुरती मर्यादित असून वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. धुराडे : इमारतीचा अवयव

मध्ययुगीन इंग्लंडमधील मोठ्या घरांत अग्नी दालनाच्या मध्यभागी पेटवला जाई आणि धूर छपरातील झरोक्यातून बाहेर पडे. भिंतीतील धुराडे बाराव्या शतकापासून किल्ल्यांत व मठांत दिसू लागले, तरी सामान्य घरांत ते यायला सोळावे शतक उजाडले. विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्लंडच्या वर्णनात गावातील वृद्धांच्या तोंडून जे मोठे बदल नोंदवले, त्यांत नव्याने उभ्या राहिलेल्या असंख्य धुराड्यांचा समावेश आहे. धुराडे ही त्या काळी समृद्धीची खूण होती. म्हणूनच १६६२ मध्ये इंग्लंडच्या संसदेने प्रत्येक चुलवणावर वर्षाला दोन शिलिंगांचा कर बसवला. हा कर लोकांच्या रोषास पात्र ठरला व १६८९ मध्ये रद्द झाला.

या कराच्या काळात घडलेली एक घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल या गावी १६८४ मध्ये भट्टी चालवणाऱ्या एका स्त्रीने कर चुकवण्यासाठी स्वतंत्र धुराडे न ठेवता भिंत फोडून आपल्या भट्टीचा धूर शेजारच्या धुराड्यात सोडला. त्यातून लागलेल्या आगीत सुमारे वीस घरे भस्मसात झाली आणि चार जण मृत्युमुखी पडले. एका चुलीसाठी बांधलेला मार्ग दुसऱ्या चुलीला जोडण्याचा हा प्रयत्न होता. उपकरण बदलले, मार्ग तोच ठेवला, अशी चूक पुढील शतकांत निरनिराळ्या रूपांत घडत राहिली.

१६६६ च्या लंडनमधील भीषण आगीनंतर १६६७ च्या पुनर्बांधणी कायद्याने विटा व दगड यांचा वापर बंधनकारक केला. घरे विटांची झाली, दगडी कोळशाचा वापर वाढला आणि धुराडी अरुंद व वाकडी होत गेली. ती साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवण्याची क्रूर प्रथा रूढ झाली. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १७८८ पासून एकामागून एक कायदे झाले. पण १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाच्या मुलाचा धुराड्यात अडकून मृत्यू झाल्यानंतरच त्या वर्षीच्या कायद्याने ही प्रथा परिणामकारकरीत्या थांबवली. धूरमार्गाची देखभाल ही सामाजिक न्यायाचीही बाब आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

२. धूर का कोंडतो? फ्रँकलिन व रमफोर्ड

अठराव्या शतकात धुराड्याचा प्रश्न गवंड्याच्या अनुभवापलीकडे जाऊन निसर्गविज्ञानाचा विषय बनला. फ्रान्समध्ये निकोला गोजे याने १७१३ मध्ये अग्नीच्या यांत्रिकीवर ग्रंथ लिहिला. देसाग्युलिए याने १७१५ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. या विचारांचा प्रभाव बेंजामिन फ्रँकलिन याच्यावर पडला. १७४४ मध्ये त्याने आपल्या 'पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस'चे वर्णन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या रचनेत जमिनीखालच्या मार्गाने बाहेरची ताजी हवा आत आणून ती लोखंडी पेटीत तापवून खोलीत सोडण्याची योजना होती. राज्यपालांनी देऊ केलेले एकाधिकारपत्र फ्रँकलिनने नाकारले. प्रत्यक्षात ही रचना फारशी यशस्वी झाली नाही. कारण धुराला आधी खाली उतरून मग वर चढावे लागे व ओढ अपुरी पडे. तरीही ज्वलनासाठी लागणारी हवा कोठून येणार, हा प्रश्न तिने ऐरणीवर आणला.

१७८५ मध्ये युरोपातून परतताना समुद्रप्रवासात फ्रँकलिनने यान इंगेनहाउस याला धुराड्यांविषयी एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात धूर कोंडण्याची नऊ कारणे त्याने सांगितली. त्यांतील पहिलेच कारण विशेष महत्त्वाचे आहे : नवी घरे इतकी घट्ट बांधलेली असतात की धुराड्यातून जेवढी हवा वर जावयास हवी तेवढी आत येण्यास फट उरत नाही. हवा आत आली नाही तर धूर बाहेर जाणार नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ऊर्जाबचतीसाठी घरे हवाबंद होऊ लागली, तेव्हा हेच निदान पुन्हा नव्याने मांडावे लागले.

फ्रँकलिनचाच देशबंधू बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रमफोर्ड, याने १७९६ मध्ये फायरप्लेसवरील निबंध प्रसिद्ध केला. धुराड्याचा गळा सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद करणे आणि बाजूच्या भिंती तिरप्या करून उष्णता खोलीकडे परावर्तित करणे, हे त्याचे मुख्य उपाय होते. रमफोर्डची पद्धत लोकप्रिय होण्याचे कारण असे की ती जुन्या धुराड्यातच, गवंड्याच्या थोड्या कामाने, अमलात आणता येई. आजच्या भाषेत बोलायचे तर हे नूतनीकरणच होते. पण येथे धुराडे व चूल दोन्ही विटांची असल्याने त्यांच्यात मूलभूत विसंगती नव्हती.

३. गॅसचे आगमन व धूरमार्गाचे स्थित्यंतर

एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशापासून बनवलेला गॅस प्रथम प्रकाशासाठी व शतकाच्या उत्तरार्धात उष्णतेसाठी वापरात आला. १८५५ च्या सुमारास प्रचारात आलेल्या बुन्सेन ज्वालकाने गॅस व हवा यांच्या पूर्वमिश्रणाचे तत्त्व सुलभ केले. गॅसच्या शेगड्या जुन्या कोळशाच्या चुलवणातच बसवल्या जाऊ लागल्या आणि त्यांचा धूर जुन्या धुराड्यात सोडला जाऊ लागला.

येथे एक अदृश्य अडचण उद्भवली. गॅसचा धूर डोळ्यांना दिसत नाही. पण त्यात पाण्याची वाफ विपुल असते. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक जो मिथेन, त्याचा एक घनमीटर पूर्ण जाळण्यास सुमारे दहा घनमीटर हवा लागते आणि त्यातून सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. कोळशासाठी बांधलेल्या रुंद धुराड्यात हा तुलनेने थंड धूर वर जाता जाता निवतो, वाफेचे पाणी होते, ते विटांत मुरते आणि चुना ढिला पडतो. यावर उपाय म्हणून धुराड्याच्या आत धातूचे अस्तर घालण्यात येऊ लागले. अमेरिकेत दुहेरी भिंतीची धातूची 'बी व्हेंट' नळी रूढ झाली. गवंड्याच्या धुराड्यात कारखान्याची नळी शिरली, ती अशी.

विसाव्या शतकाच्या मध्यास दोन घटनांनी या बदलाला वेग दिला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पसरलेल्या धुरक्यात सुमारे चार हजार बळी गेल्याचा तत्कालीन अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांनी ही संख्या बारा हजारांपर्यंत असल्याचे सुचवले. त्याचा परिणाम म्हणून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला व घरगुती कोळशाच्या वापराला उतरती कळा लागली. पुढे १९६५ मध्ये उत्तर समुद्रात ब्रिटनला नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या दशकात देशातील गॅस उपकरणे त्या वायूसाठी बदलण्यात आली.

या स्थित्यंतराचा एक परिणाम लक्षणीय आहे. कोळशाच्या गॅसमध्येच कार्बन मोनॉक्साइड असल्याने पूर्वी गळती हीच विषारी होती. नैसर्गिक वायूत तो नसतो. ज्वलन अपूर्ण राहिले तरच तो तयार होतो. म्हणजेच विषबाधेचा मुख्य धोका आत येणाऱ्या नळीकडून बाहेर जाणाऱ्या नळीकडे सरकला.

४. बंदिस्त ज्वलन : यंत्राचा अवयव

नव्या घरांत धुराडेच नसेल तर गॅसचे उपकरण कोठे बसवायचे, या प्रश्नाला ब्रिटिश अभियंत्यांनी दिलेले उत्तर म्हणजे 'बॅलन्स्ड फ्लू' होय. ज्वलनासाठी हवा घेण्याचे तोंड व धूर सोडण्याचे तोंड बाहेरच्या भिंतीवर एकाच ठिकाणी ठेवले की वाऱ्याचा दाब दोहोंवर सारखाच पडतो. परिणामी वाऱ्यामुळे धूर उलटा फिरत नाही. खोलीतील हवेशी ज्योतीचा संबंध राहत नाही. उंच इमारतींसाठी सर्व मजल्यांना सामायिक असा उभा वायुमार्ग 'एसई डक्ट' या नावाने वापरात आला.

अमेरिकेत या तत्त्वाला फायरप्लेसच्या क्षेत्रात चालना मिळाली ती ऑक्टोबर १९७३ च्या तेलसंकटानंतर. इंधनाचे भाव वाढले, भिंतींत उष्णतारोधक थर भरले गेले, खिडक्या घट्ट झाल्या. अशा घरात स्वयंपाकघरातील जोरकस पंखा सुरू होताच खोलीतील दाब कमी होऊन जुन्या धुराड्यातील धूर खाली ओढला जाण्याची शक्यता निर्माण झाली. फ्रँकलिनने दोनशे वर्षांपूर्वी सांगितलेले कारण पुन्हा प्रत्ययास आले. १९८० च्या दशकापासून बाजारात आलेली डायरेक्ट व्हेंट फायरप्लेस हे त्यावरील उत्तर होते.

या फायरप्लेसची ज्वलनपेटी पुढून काचेने सीलबंद असते. मागून किंवा वरून निघणारी नळी समाक्ष असते, म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांची. आतील नळीतून धूर बाहेर जातो आणि दोन्ही नळ्यांमधील पोकळीतून बाहेरची हवा आत येते. चार इंचांच्या आतील नळीभोवती सुमारे साडेसहा इंचांची, किंवा पाच इंचांच्या नळीभोवती आठ इंचांची बाह्य नळी, अशी मापे प्रचलित आहेत. ही नळी भिंतीतून आडवी बाहेर काढता येते किंवा छपरातून उभी.

यातील कळीचा मुद्दा असा की काच, पेटी, ज्वालक, नळी व बाहेरचे तोंड यांची एकत्रित चाचणी होते. अमेरिका व कॅनडा यांच्या संयुक्त मानकांनुसार प्रमाणित होते ती ही संपूर्ण जुळणी. किती उभी चढण असल्यास किती आडवी लांबी चालेल, किती वळणे घेता येतील, फार उंच नळीत ओढ आवरण्यासाठी अडसर कोठे बसवावा, हे सर्व उत्पादकाच्या पुस्तिकेतील तक्त्यांनी ठरते. धूरमार्ग घरापासून सुटून यंत्राचा झाला, तो या अर्थाने.

५. नूतनीकरण : दोन व्यवस्थांचा संघर्ष

नूतनीकरणात तीन प्रकारची परिस्थिती संभवते.

पहिली परिस्थिती विटांच्या जुन्या फायरप्लेसची. तिच्या पोकळीत डायरेक्ट व्हेंट पद्धतीची आतबैठी फायरप्लेस बसवताना धुराड्यातून सामान्यतः तीन इंच व्यासाच्या दोन लवचीक नळ्या वरपर्यंत सोडल्या जातात : एक हवेसाठी, दुसरी धुरासाठी. दोन्ही वर एकाच टोपीला जोडल्या जातात. येथे जुने धुराडे धूरमार्ग राहत नाही. ते नव्या धूरमार्गाचे निव्वळ आवरण बनते. तळाशी दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर संपूर्ण रचनाच उलटी होते, म्हणून त्यांवर आधी खुणा करणे अगत्याचे असते. त्याच धुराड्याला तळघरातील पाणी तापवण्याचे उपकरण जोडलेले असेल, तर त्याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागते.

दुसरी परिस्थिती 'बी व्हेंट' असलेल्या जुन्या गॅस फायरप्लेसची. ती खोलीतीलच हवा वापरी व धूर केवळ उष्णतेच्या ओढीने वर जाई. तिच्या नळीलाही दोन भिंती असतात. त्यामुळे वरवर पाहता ती समाक्ष नळीसारखीच भासते. परंतु त्या दोन भिंतींमधली पोकळी उष्णतारोधासाठी असते, हवा आणण्यासाठी नव्हे. या साम्यामुळे फसगत होण्याचा संभव मोठा असतो. उत्पादकाने स्पष्ट अनुमती व जोडणीचे साहित्य दिले असेल तेव्हाच अशा नळीचा उपयोग करता येतो.

तिसरी परिस्थिती सर्वांत फसवी आहे : जुनी फायरप्लेसही डायरेक्ट व्हेंट व नवीही तीच. भिंतीतील नळी चांगली दिसते. मग ती का काढावी? पण निरनिराळ्या उत्पादकांच्या नळ्यांचे व्यास व खाचा जुळत नाहीत. नव्या पेटीची उंची वेगळी असल्याने नळीचे तोंड भिंतीतील जुन्या भोकाशी येत नाही. जुन्या सांध्यांतील उष्णतारोधक लेप वाळून भेगाळलेला असतो. आतील नळीचा सांधा सुटला तर धूर बाह्य पोकळीत मिसळून ज्वलनाच्या हवेबरोबर परत आत येतो. हवेतील प्राणवायू घटतो, ज्योत मंद व पिवळी होते, काचेवर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइडची निर्मिती वाढते. शिवाय नव्या उपकरणाची चाचणी जुन्या परक्या नळीसह झालेली नसल्याने प्रमाणपत्राचा आधारच नाहीसा होतो.

याखेरीज घराचे बाह्यरूपही नूतनीकरणात बदलते. भिंतीवर नवे आवरण चढते व तिची जाडी वाढते. जुन्या तोंडाशेजारी नवी खिडकी उघडली जाते. त्यावर व्हरांड्याचे छप्पर येते. अमेरिकेतील राष्ट्रीय इंधन वायू संहितेने डायरेक्ट व्हेंटचे तोंड खिडकीसारख्या उघड्या जागेपासून किती दूर असावे हे उपकरणाच्या क्षमतेनुसार ठरवले : ताशी दहा हजार ते पन्नास हजार बीटीयू क्षमतेसाठी किमान नऊ इंच. जमिनीपासूनची किमान उंची बारा इंच ठेवण्यात आली. फायरप्लेस बसवताना नियमानुसार असलेले तोंड वीस वर्षांनी, नळीला कोणी हात न लावताही, नियमबाह्य ठरू शकते.

६. अपघात आणि कायदा

हे नियम केवळ कागदी नाहीत, याची साक्ष दोन घटना देतात. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील साउदॅम्प्टन येथे विख्यात टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस यांचा वयाच्या चाळिसाव्या वर्षी कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू झाला. पोहण्याच्या तलावाच्या गॅस हीटरचा धूरमार्ग सदोष बसवलेला असल्याने तो वायू वातानुकूलनाच्या मार्गाने ते झोपलेल्या घरात शिरला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून शिकागो शहरात घरोघरी कार्बन मोनॉक्साइड सूचक बसवण्याचा नियम लागू झाला.

दुसरी घटना जानेवारी २००५ मधील. मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लिमथ येथे हिमवादळात घराच्या भिंतीबाहेरील धूरमार्ग बर्फाने बुजला आणि सात वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्या स्मरणार्थ 'निकोलचा कायदा' म्हणून ओळखला जाणारा कायदा त्याच वर्षी संमत झाला व २००६ मध्ये अमलात आला. भिंतीतून आडवा धूरमार्ग काढणाऱ्या गॅस उपकरणांसाठी राज्याने विशेष नियम केले. त्यांनुसार सात फुटांपेक्षा कमी उंचीवर असलेल्या तोंडाच्या वर, जमिनीपासून किमान आठ फुटांवर, खाली गॅसचा धूरमार्ग असल्याची पाटी कायमची लावणे आवश्यक झाले. उपकरणाच्या मजल्यावर सूचक बसवणेही बंधनकारक झाले. आणखी एक तरतूद इतिहासाच्या अभ्यासकाने विशेषत्वाने लक्षात घ्यावी अशी आहे : बसवणीच्या व धूरमार्गाच्या सर्व सूचना, सुट्या भागांच्या यादीसह, काम पूर्ण झाल्यावर उपकरणाबरोबर घरातच राहिल्या पाहिजेत. विटांचे धुराडे स्वतःच आपला पुरावा असे. यंत्राच्या धूरमार्गाला मात्र कागदाची साथ लागते.

७. महाराष्ट्राचा संदर्भ

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये लागले. नळाने घरोघरी गॅस पुरवणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्राच्या हवामानात फायरप्लेसची गरज नाही. तथापि गॅस गीझरमुळे हाच प्रश्न येथील स्नानगृहात पोहोचला आहे. लहान, बंद स्नानगृहात धूरमार्गाविना बसवलेला गीझर तेथीलच हवा वापरतो व तेथेच धूर सोडतो. मुंबई, पुणे आदी शहरांत त्यामुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या वेळोवेळी प्रसिद्ध झाल्या आहेत. सदनिकेच्या नूतनीकरणात स्नानगृहाचा झरोका काचेने बंद करणे किंवा गॅलरी आत घेणे हे सर्रास घडते. उपकरण तेच राहते, पण त्याच्या श्वासाची वाट बुजते. सतराव्या शतकातील चर्चिल गावापासून आजच्या सदनिकेपर्यंतचा दुवा हाच आहे.

निष्कर्ष

१) घरगुती धूरमार्गाचा इतिहास हा इमारतीकडून यंत्राकडे झालेल्या अधिकार-संक्रमणाचा इतिहास आहे.
२) फ्रँकलिनने १७८५ मध्ये मांडलेले अपुऱ्या हवेचे कारण १९७३ नंतरच्या हवाबंद घरांत पुन्हा प्रत्ययास आले व डायरेक्ट व्हेंट पद्धतीच्या प्रसारास कारणीभूत ठरले.
३) नवी फायरप्लेस बसवताना जुनी नळी तशीच ठेवण्याचा मोह हा जुन्या व्यवस्थेच्या सवयीतून येतो, नव्या व्यवस्थेत उपकरण व नळी यांचा एकत्रित विचार अनिवार्य आहे.
४) सुरक्षिततेचे नियम बहुधा मृत्यूनंतर आले. जेथे गॅसचा घरगुती वापर वाढत आहे, तेथे ते त्यापूर्वी यावेत एवढा धडा तरी या इतिहासातून घेता येईल.

अमेरिकेतील काही राज्यांत व शहरांत नव्या इमारतींतील गॅसवापरच थांबवण्याचे प्रयत्न सुरू झाले. बर्कली शहराचा २०१९ चा निर्बंध न्यायालयात टिकला नाही, तर न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये नव्या बांधकामांसाठी तसा कायदा संमत केला. गॅसची फायरप्लेस उद्या कदाचित इतिहासजमाही होईल. परंतु असे कायदे मुख्यतः नव्या इमारतींपुरते असतात. उभ्या घरांतील नळ्या त्यांनी नाहीशा होत नाहीत. त्या भिंती यापुढेही फोडल्या जातील, आणि प्रत्येक वेळी आतील वाट कोणासाठी, कोणत्या अग्नीसाठी काढलेली होती, हे विचारूनच पुढचे काम करावे लागेल.